बाईंनी समासात लिहिलेला प्रश्न

मंडळी, या पडवीत मी कधी उभं राहून बोलले नाही. इथे मांडी घालून लिहायचं, एवढंच माहीत. आज मालतीबाई नाहीत आणि मला बोलायला सांगितलंय. मध्येच थांबले तर सांभाळून घ्या. आये, तू मागे नको, अशी फुडे बस. आज तुझ्यासमोरच बोलायचं आहे.

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाई दर शनिवारी मिठबावच्या मुलांना इथे लिहायला शिकवायच्या. शिकवायच्या म्हणजे काय? आधी दोन मिनिटं गप्प बसवायच्या. डोळे उघडे. काय ऐकू आलं ते मग सांगायचं, आणि लिहायचं. वही तपासताना लाल पेन नाही, गुण नाहीत. समासात पेन्सिलीने एकच प्रश्न, तोही मालवणीत. त्याचं उत्तर म्हणजे आपला पुढचा निबंध.

पाचवीत मी 'माझे बाबा' लिहिला. बाबा रोज संध्याकाळी दमून येतात, मला खाऊ आणतात. निबंधांच्या पुस्तकातून उतरवलेला. माझे बाबा आदल्या वर्षी होडी घेऊन गेले ते आलेच नाहीत, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. बाईंनाही. त्या ओरडल्या नाहीत. समासात लिहिलं, 'जेवताना बापाशीचां ताट खंय आसता?'

मी ते पान दुमडलं. ताट कुठे असतं, याचं उत्तर दिलं नाही. पण तो प्रश्न माझ्याबरोबर देवगडला कॉलेजात आला. परीक्षेत शेजारी बसला. घरातली पहिली पदवीधर म्हणून आईने पेढे वाटले, तेव्हाही तो दाराशी उभा होता.

बाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा वर्ग माझ्याकडे आला. एका मुलीने लिहिलं होतं, 'सुंगटां सोलून आजीच्या हातांक वास येता.' निबंधात कोळंबीचा वास कशाला, म्हणून मी लाल पेनाने खोडलं. वर लिहिलं, 'आजीचे हात प्रेमळ आहेत.' अभिमानाने वही बाईंना दाखवली. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या,

"गो, आता ही आजी खंय गेली?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"तुजां एक उत्तर रवलां हा."

मी म्हटलं, फाल्यां लिवतंय. दुसरा दिवस उजाडला तेव्हा बाई नव्हत्या.

तेव्हापासून कुठलीही वही उघडली की मला समासात पेन्सिलीची खूण दिसते. निरखून पाहावं तर कागद कोरा.

बाई, आज उत्तर देते. आये, रागावू नको.

बाबांचं ताट मांडणीवर पालथं असतं. आई रोज संध्याकाळी ते खाली काढते. त्यात कोणी जेवत नाही. तरी ती ते आमच्या ताटांबरोबर घासते, पुसते, पुन्हा पालथं ठेवते. ठेवताना आवाज होतो. तो आवाज आला की मला कळतं, बाबा आजही आले नाहीत.

एवढंच. यात खाऊ नाही.

ती मुलगी इथे बसली आहे. बाय, तुझी ओळ तुझ्याच शब्दांत परत लिही. मी चुकले.

आता कोणी उभं राहू नका. बाईंच्या पद्धतीने, बसूनच, दोन मिनिटं गप्प राहू. डोळे उघडे ठेवा. आणि मागे कुठे कागदावर पेन्सिल चालल्यासारखं वाटलं, तर वळून बघू नका. वही पुढे करा.