मुद्दाम डागाळलेला आरसा

"हातात काही टिकायचं नाही गो तुझ्या सुनेच्या. नवाकोरा आरसा नासवलान."

हे माझ्या आत्येसासूबाई, सगुणाआत्या, नाटे गावाहून आल्या आल्या पडवीत डोकावून स्वयंपाकघरात सासूबाईंना म्हणाल्या, आणि मी खिडकीपलीकडे मागच्या पडवीत रबरी मोजे घालून, मांडीशी तोच आरसा घेऊन बसलेली... आता तुम्हीच सांगा, लग्नाला दोन महिने झालेली मुलगी खिडकीतून डोकं घालून काय खुलासा करणार? मी आपली खरवडत राहिले.

कल्पना माझी नव्हतीच, सुजयची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्यात ना आम्ही, तर याला मोबाईलवर कुठल्यातरी हॉटेलातला डागाळलेला आरसा दिसला. "पुण्याची माणसं जुनं बघायलाच येतात. नवा आणलाय, तू जुना कर. चित्रं काढतेस, जमेल तुला. आईला एवढ्यात सांगू नको, नव्या वस्तूला हात लावू देणार नाही ती." आणि गेला कामावर.

तुम्हाला सांगते, नवा आरसा जुना करणं म्हणजे बाळंतपण आहे. आधी पाठीवर रंग काढायचं औषध फासायचं, रंग फुगला की हलक्या हातानं खरवडायचा, मग आतल्या चांदीवर फरशीच्या अ‍ॅसिडचे थेंब, कडेला जास्त, मध्ये अगदी कमी, कारण खरा आरसा कडेकडूनच जातो ना, आणि लगेच धुवायचं, नाहीतर आरशाची खिडकी होते... शेवटी पाठीला काळा रंग. इकडे सासूबाई खाऱ्या हवेनं डाग पडू नयेत म्हणून कपाटाचा आरसा रोज पुसतात, आणि मी पडवीत बसून डाग पाडतेय. पण झाला हो सुरेख. वाळत ठेवला.

दुपारचा चहा आला तो मला एकटीला स्टीलच्या पेल्यात. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर गेली. "कप राहू दे गो, मी विसळते," सासूबाई इतक्या मायेनं म्हणाल्या, की काय सांगू.

आणि तासाभरानं बघते तर आरसा गायब. सासूबाई रिक्षातून उतरल्या, हातात त्याच मापाचा लखलखीत नवा आरसा. माझ्या कानाशी येऊन म्हणतात, "सुजयला कळायला नको. तो डागी होता ना, अनिल काचवाल्याकडेच टाकून आले. कसा झाला विचारलंन, म्हटलं खारी हवा. अगो, मी नवी असताना कंदिलाच्या काचा फोडल्या, माझ्या सासूनं कधी कोणाला कळू दिलं नाही." आता एवढं कोणी आपल्यासाठी खोटं बोलल्यावर आपण खरं सांगायचं तरी कसं?

संध्याकाळी सुजय आला, आरशात स्वतःला नीट बघितलं आणि वैतागला. "दिवसभर हातच लावला नाहीस? शनिवारी माणसं येतायत, निदान सांगायचं तरी जमणार नाही म्हणून."

त्याच्या पाठीमागून सासूबाई मला डोळा मारतायत.

"तिनं काही केलेलं नाही रे," त्या म्हणाल्या.

"काही म्हणजे काही नाही," सगुणाआत्या.

म्हणजे बघा, नवऱ्याच्या लेखी मी आळशी, सासूच्या लेखी धांदरट, आणि सासूबाई नि आत्या मला सांभाळून घेतायत. मग मात्र मी संध्याकाळच्या चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हटलं,

"आई, आरसा मी मुद्दामच खराब केला होता, ह्यांनी सांगितलं म्हणून, आणि चांगला जमला होता. उद्या मी हा आरसा खराब करायला बसणार आहे, तेवढी रिक्षा बोलावू नका."