बारा माणसांची होडी

…भांडखोर नाही हो मी, सगळं बंदर म्हणतं म्हणून तुम्हीही म्हणू नका, तुमची आगबोट काही इतक्यात येत नाही, तेव्हा बसा त्या ट्रंकेवर आणि माझं ऐका… तुम्हाला सांगते, ही समोरची होडी, दिघीहून आगरदांड्याला जाणारी, तिच्या अंगावर तो पांढरा 'बारा' रंगवलाय ना, तो माझ्यामुळे.

हा मांडीवरचा सदू. छाती नाजूक, दर मंगळवारी पलीकडच्या दवाखान्यात न्यावा लागतो. गेल्या आषाढात ह्याच होडीत एकोणतीस माणसं, दोन बकऱ्या आणि शेजारच्या कोंडाजीची खाट! भर खाडीत होडी अशी एका अंगावर झाली की खाट आमच्याआधी तरंगत निघाली, आणि मी गळ्यापर्यंत पाण्यात, सदूला दोन्ही हातांनी डोक्यावर धरून. जलीलचाचांनी, म्हणजे होडीच्या तांडेलांनी, ओढून काढलं म्हणून आज बोलतेय. काठावर आल्यावर चाचा काय म्हणाले? माणसं जास्त नव्हती, वारा वाईट होता. वारा? मी मास्तरांची मुलगी, अठ्ठावीस सालची सातवी पास, मला मोजता येतं.

मग कळलं, पलीकडे बंदरावर नवे साहेब आलेत, होडीत बारांच्या वर बसायचं नाही असा नियम करतील, पण गावाने स्वतः येऊन अर्ज द्यायला हवा. झालं… सदू काखेत, अर्ज पदराखाली, दौत हातात, निघाले दारोदार अंगठे घ्यायला. कोंडाजी म्हणाला, अंगठा देतो, पन बकरी मोजायची न्हाय. पलीकडच्या आळीतली खतिजाबी म्हणाली, मांडीवरचं पोर मोजायचं न्हाय, आणि तिच्या मांडीवरचं पोर नऊ वर्षांचं, दोन्ही पाय जमिनीला टेकलेले. आणि आमच्या सासूबाई, मनुबाई, त्यांचं काय सांगू… म्हणे बुडायचं ते बारातबी बुडतं, मास्तराची पोर केली तीच चूक झाली. मी म्हटलं, बारा बसले तर बाराच बुडतील, एकोणतीस नाही, मला मोजता येतं. तीन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. चौथ्या दिवशी अंगठा दिला, तोही एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून.

अर्ज द्यायचा दिवस उजाडला. बंदरावर येऊन बघते तर अर्ज द्यायला निघालेलं गाव सगळं एकाच होडीत. बत्तीस माणसं! मी म्हटलं, अहो, तीन खेपा करा ना. तर सगळे माझ्याकडे असे बघायला लागले, जशी मीच खुळी. कारण काय, तर आमच्याकडे कामाला निघताना खाडीत नारळ सोडतात, आणि ज्या होडीतून नारळ सोडला तिलाच यश, मागनं जाणाऱ्याचं काम फसलंच समजा. नारळ सोडून झाला होता. पाणी काठाच्या खाली चार बोटं, आणि त्या तसल्या होडीत सासूबाई, आणि त्यांच्या मांडीवर माझा सदू… मी घरी कागद-दौत आवरत होते तेवढ्यात त्याला घेऊन पुढे आलेल्या.

होडीचा दोर किनाऱ्यावरच्या खुंटाला होता. मी जाऊन सरळ त्या गाठीवर बसले. चाचा म्हणाले, वहिनी, उठा, ओहोटी लागली. कोंडाजी म्हणाला, बाईमाणसानं असं बसू न्हाय. बसते! सासूबाई होडीतून म्हणाल्या,

"चार लोकांत माझी शोभा करतेस?"

"आधी सदूला खाली द्या. शोभा मग बघू."

आणि मी मोठ्याने मोजायला लागले, एकेकाचं नाव घेऊन. बारा झाले की म्हणायची, पुढचे उतरा. कोणी हलेना. पुन्हा पहिल्यापासून. हसले, चिडले, खतिजाबीने तर माझ्या माहेरापर्यंत सगळं काढलं… काढा, मला मोजता येतं. अर्ध्या तासाने होडीचं बूड चिखलाला टेकायला लागलं तेव्हा कुठे उतरायला लागले. पहिल्या सासूबाई. पोर माझ्या अंगावर टाकलं आणि म्हणाल्या, घे तुझा तेरावा.

तीन खेपांत गाव गेलं. प्रत्येक खेपेला वेगळा नारळ, तेही माझ्या घरचे. पलीकडे साहेब हे सगळं उभ्याने बघत होते, त्यांनी अर्ज वाचलासुद्धा नाही, तिथल्या तिथे हुकूम लिहिला.

म्हणजे जिंकले मी. हो ना?

आज मंगळवार. दवाखाना दुपारपर्यंतच उघडा, सदूची छाती रात्रभर घरघरतेय, मी सकाळी सातपासून इथे, आणि होडी जागची हलत नाही. का? तर मी धरून माणसं अकरा. चाचा त्या आकड्यावर बोट ठेवून म्हणतात,

"वहिनी, बारा लिवलंय. तेरा न्हाय, तसे अकराबी न्हाय. कायदा तुमीच आणला."

समजावलं, भांडले, सदूला बारावा धरा म्हटलं… आत बसलेले दहाही जण माना हलवतात, असं कसं, मांडीवरचं पोर मोजायचं न्हाय, कायदा म्हंजे कायदा. आता दोरावर बसून उपयोग नाही, होडी आधीच थांबलीये.

म्हणून विचारते, तुमच्यापैकी कोणाला पलीकडे काही काम आहे का हो? नसलं तरी चालेल.