टोपलीतला नवा पेला

माझा जन्म घाटकोपरचा, डोंगरावरच्या वस्तीतला. आई टोपली घेऊन मुलुंडच्या बिल्डिंगी फिरायची, जुने कपडे घ्यायची आणि भांडी द्यायची, माझा नवरा गेल्यावर मीही तीच टोपली उचलली. पण आईसारखी भोळी नाही हां मी, साडी उजेडात धरून भोक दाखवते, बाई कितीही चिडू दे, अजून दोन साड्या काढायला लावते, तेव्हा कुठे डबा देते. त्यावरच घर बांधलं, पोरीला नर्स केलं.

तर आमच्या वस्तीत कॉलेजची पोरं यायला लागली, समाजकार्य शिकणारी. त्यांच्या मॅडम म्हणाल्या मावशी, आमची सानिका तुमच्या घरी येत जाईल, बोलत जाईल. म्हटलं येऊ दे. गोड पोरगी, खोटं कशाला सांगू. पहिल्या दिवशी चहा केला आणि तिच्यासाठी टोपलीतला नवा पेला काढला. काय सांगू तुम्हाला, आमच्या धंद्यात पेल्यात एकदा चहा ओतला की तो जुना, मग कोणी घेत नाही. तरी काढला. ती म्हणाली ॲसिडिटी आहे. मी म्हटलं राहू दे गं, आणि जाताना लिंबूही दिलं.

वर्ष संपताना मॅडमनी मला कॉलेजात बोलावलं, सत्कार आहे म्हणून. तिथे त्यांचा एक तास असतो, स्वतःला ओळखायचा, मनात काय येतं ते वहीत लिहून वाचायचं. सानिका उठली, वहीतलं वाचायला लागली. एका घरात मला किळस आली, चहा पिववला नाही, ॲसिडिटी म्हणून खोटं बोलले, तेव्हा माझ्या मनातला भेदभाव मला दिसला. नाव नाही घेतलं, पण ॲसिडिटी म्हणाली आणि मला कळलं. रडली पण. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मॅडम म्हणाल्या किती प्रामाणिक! अहो, आम्ही भांड्याला पोचा आहे म्हटलं की भाव उतरतो, हिचा चढला!

मी उठले. म्हटलं सानिका, ते घर माझं. कळलं ना तुला, मग त्यानंतर महिनोन्‌महिने येत होतीस, एकदा तरी पाणी प्यायलीस? मॅडम म्हणाल्या मावशी, ती अजून शिकतेय. थू! माझ्या घराला घाण म्हणून शिकतेय.

यंदा मॅडमचा परत फोन, नवीन मुलं आलीत. म्हटलं पाठवा, पण आधी मी त्यांच्या घरी जाऊन बसणार, मला काय वाटलं ते तुमच्या वर्गात वाचणार. हसल्या, म्हणाल्या तसं अभ्यासक्रमात नाही हो. मग माझं घर कोणाला विचारून घातलं त्यात?

शिकू देत पोरं, मोठी होऊ देत, मी कोणाचं वाईट चिंतत नाही. फक्त माझ्या घरात नको.