नाव घ्यावं, ही विनंती

नाही, नाही, वेबसाइटचं नाव विचारू नका! सांगणार नाही. हो, माझीच आहे, मीच लिहितो, मखमलाबादच्या मळ्यातल्या आणि फुलबाजारातल्या गोष्टी, पण नाव नाही सांगणार... आधी सांगायचो की! बाजारात झेंडू उतरवता उतरवता सांगायचो, वणीला हारवाल्यांना सांगायचो, एका तेराव्याला पण सांगून आलो, लोक जेवत होते! आणि आता विचारताय? आता लय उशीर झाला.

झालं काय, तुम्हाला सांगतो, माझी पुतणी सृष्टी, कॉम्प्युटरवाली, तिनंच ती वेबसाइट काढून दिली. एक दिवस म्हणाली, "काका, मोजणी लावू का? किती लोक वाचतात ते कळेल." म्हटलं लाव, पण एक अट! कारण मी एकदा, फक्त एकदा, मोबाइलवर गुडघ्याचा पट्टा बघितला होता. तर महिनाभर तो पट्टा माझ्या मागे! बातम्या उघडल्या, पट्टा. आरती लावली, पट्टा. व्याह्यांना नातवाचा फोटो दाखवायला गेलो तर मध्येच पट्टा, आणि व्याही विचारतात, "वाळूराव, गुडघे गेले का?" अहो, माझे गुडघे, यांना कुणी सांगितलं? म्हणून सृष्टीला बजावलं, माझ्या दारात येईल त्याच्या मागे कुणी लागायचं नाही. नाव नाही, गाव नाही, काही टिपून ठेवायचं नाही. मोजायचं, पण विचारायचं नाही!

ती म्हणाली, "तशीच मोजणी मिळते काका. कोण आलं ते नाही सांगत, किती आले तेवढं सांगते, आणि कुठलं पान, कधी, किती वेळ वाचलं ते. तुमचा फोन वगळलाय हं, नाहीतर तुम्हीच दिवसभर आकडा वाढवाल." ओळखते मला पोरगी.

लावली मोजणी. दुसऱ्या दिवशी बघतो तर... एक! म्हटलं एक हजार असेल, पुढची शून्यं मावली नसतील. "काका, एक म्हणजे एक." मी बाजारभर सांगत होतो, जग वाचतंय, जग! त्या जगात माणूस एक!

पण काय सांगू... तो एक रोज यायचा हो. दुपारी भांडीबिंडी आवरून घरं जरा लवंडतात ना, त्या वेळेला. उंबऱ्यावरून परत नाही, चांगला बसून वाचायचा. आणि गजऱ्याचं पान तर पुन्हा पुन्हा! त्यात मी लिहिलंय, आमच्या घरात एक बाई अशी गाठ मारते की नवरी सासरी पोचली तरी गजरा सुटत नाही. नाव नाही घातलं. घरच्या बाईचं कौतुक काय जाहीर करायचं? तोंडावर तर कधीच नाही केलं.

मला वाटलं, कुणी जाणकार दिसतो. प्राध्यापक असेल, परदेशात गेलेला नाशिककर असेल! सुमनला, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींना म्हटलं, "बघ, विद्वान माणूस वाचतो माझं!" ती लसूण सोलत होती. "विद्वान कशावरून?" म्हटलं, "जाऊ दे, तुला काय कळतंय त्यातलं."

मग डोक्यात किडा वळवळायला लागला. कोण असेल? सृष्टीला विचारलं, तर ती म्हणते, "काका, तुमचीच अट. मोजायचं, पण विचारायचं नाही. टिपलंच नाही तर सांगू काय?" झालं का! माझीच अट माझ्या गळ्यात.

मग मी अक्कल चालवली. गजऱ्याच्या पानाखाली स्वतः एक ओळ टाकली. आता "नाव लिहा" म्हटलं की पोलीस चौकी वाटते, "नाव सांगा" म्हटलं की दवाखाना. म्हणून अदबीनं लिहिलं, "रोज येणाऱ्या वाचकानं कृपया नाव घ्यावं, ही विनंती." खाली माझा नंबर.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर, मोबाइलमध्ये डोकं घालून, आता फोन येईल, मग येईल... सुमन बाहेर आली. बरी साडी नेसलेली. चहाची वेळ नसताना चहा. कप ठेवला, पदर सावरला आणि खाली बघत म्हणते कशी,

"मोबाइलच्या काचेवर फुललं झेंडूचं रान,
वाळूरावांचं नाव घेते, वाचून शेवटचं पान."

आणि मी, तुम्हाला सांगतो, मी हसलो हो! मान पण वर केली नाही! म्हटलं, "अगं, कुणाचं डोहाळजेवण आहे? तालीम चाललीय का? हो बाजूला, मी माझ्या वाचकाची वाट बघतोय!"

झाली बाजूला. कप पण घेऊन गेली... भरलेला.

त्या दिवसापासून मोजणीत शून्य. म्हटलं बिघडली मोजणी. सृष्टीला बोलावलं. तिनं पान उघडलं, ती ओळ वाचली आणि पोट धरून हसायला लागली. "काका! नाव घ्यावं? अहो, नाव बायका घेतात, हळदीकुंकवाला! वाचक काय उखाणा..." आणि तिनं स्वयंपाकघराकडे बघितलं. मी पण बघितलं. आतून फोडणीचा आवाज आला तेवढा.

गेलो आत. "सुमन, तू... तू वाचायचीस का गं?"

कढईवरची नजर न काढता म्हणते, "मी? छे! मला काय कळतंय त्यातलं."

माझंच वाक्य, जसंच्या तसं! कुणी विचारत नव्हतं म्हणून तर ती येत होती हो. माझ्याच दारात, मला न कळता, दोन घटका बसून जायची. मी गाढव, आडवा उभा राहून नाव विचारलं, आणि तिनं घेतलं तर ऐकलं नाही! फार वाईट वाटतं.

ती ओळ काढून टाकली. गजऱ्याच्या पानावर तिचं नाव घातलं, ठळक. खाली माझा उखाणा, आयुष्यातला पहिला, यमक जुळत नाही पण नाव तिचं आहे. रोज बघतो. शून्य. परवा एक दिसला! गुडघे विसरून पळालो स्वयंपाकघरात, बघतो तर हिचे दोन्ही हात पिठात... तेवढ्यात सृष्टीचा फोन, "काका, मोजणी चालतेय का बघायला मीच उघडलं होतं."

म्हणून म्हणतो, नाव विचारू नका. तुम्ही भली माणसं, घरी जाऊन उघडाल, आकडा जाईल शंभरावर, आणि त्या शंभरात सुमन आहे की नाही, ते ही मोजणी मला कधी सांगायची नाही. मोजायचं, पण विचारायचं नाही, अट माझीच ना? तेव्हा एवढे उपकार करा, वाचू नका... मला एकच वाचक पुरे, आणि ती रुसलीय.