तारपा फिरणार की थांबणार?

…नाही, आधी मला हे सांगा, नाच म्हणजे मिरवणूक की सभा? सांगा ना! तुम्ही शिकलीसवरलेली माणसं, मीही पदवीधर, उभा जन्म भिवंडीत बातम्या लिहिण्यात घालवला, मंत्र्यांना जिन्यात अडवून प्रश्न विचारले, कारखानदारांच्या धमक्या चहाबरोबर पचवल्या, पण हा प्रश्न मला कधी कुणी विचारला नव्हता. तो विचारला बाळारामभाऊंनी. परवानगीच्या टेबलावरचे बाळारामभाऊ. कचेरीचं नाव घेत नाही, उगाच खुलासा यायचा.

तुम्हाला सांगतो, झालं असं. दिघाशीच्या पाड्यावरचा वाघ्या, म्हातारा माणूस, तारपा वाजवतो. भोपळ्याचं, ताडाच्या पानाचं हे एवढं लांब वाद्य, फुंकून वाजवायचं. मध्ये वाघ्या, आणि भोवती सगळा पाडा एकमेकांच्या कमरेला हात घालून गोल फिरतो. आता त्याच्या छातीत दम राहिला नाही. डॉक्टरांनी सांगितलं, फुंकणं बंद. वाघ्या म्हणाला, औंदा शेवटचं वाजवीन, पण पोरांच्या पुढ्यात. आणि पोरं कुठं? भिवंडीलगतच्या काल्हेर-कशेळीच्या गोदामांत! मुलगा देवू तिथं, लेक तानी तिथं, अर्धा पाडा तिथं पोती उचलतोय. नाचायला गावी जातो म्हटलं की मुकादम विचारतो, "नाचने के लिए छुट्टी? दिमाग ठीक है?"

मग मी म्हटलं, बाबा, पोरं गावी येत नाहीत तर नाच भिवंडीत आणू. शुक्रवारी. यंत्रमागांचा खडखडाट बंद असतो, तारपा कानावर तरी पडेल. परवानगीचं मी बघतो… म्हटलं खरं!

वाघ्या म्हणाला, "लवकर बग, भाऊ. दिवाली झाली का तारपा टांगाचा. मंग नवा भात येईपावेतो हात न्हाय लावाचा."

तर मी बाळारामभाऊंसमोर. त्यांनी चष्मा वर केला. "वाल्मीकराव, हे फिरनार का थांबनार? फिरनार असंल तर ती मिरवनूक, ती समोरच्या कचेरीत. थांबनार असंल तर सभा, ती आमच्याकडं."

मी म्हटलं, फिरणार, पण जागच्या जागी.

तुम्हाला सांगतो, त्या माणसानं पेन खाली ठेवलं आणि खिडकीबाहेर असं पाहिलं, जसं एखादा ऋषी पाहील. "जागच्या जागी फिरनार… म्हंजे जानार कुठं?" कुठंच नाही! "मंग फिरनार कशाला?" हात जोडले मी. तत्त्वज्ञान शिकायला कॉलेजात कशाला गेलो, असं झालं.

समोरच्या कचेरीत गेलो, तर तिथले म्हणतात, मिरवणुकीला मार्ग लागतो. कुठून निघणार, कुठं विसर्जित होणार? मी म्हटलं, निघते तिथंच पोचते. ते म्हणाले, मग ती सभा. परत इकडे आलो, तर सभेला अध्यक्ष लागतो, वक्ते लागतात. मी भांडलो. टेबलावर हात आपटला. छापीन म्हणालो! बाळारामभाऊ शांतपणे म्हणाले, छापा, कात्रन दोन प्रतींत जोडा. हात जोडले मी. आयुष्यात इतक्या धमक्या दिल्या आणि घेतल्या, पण धमकीचीही प्रत मागणारा माणूस पहिल्यांदा पाहिला.

इकडे दिवाळी तोंडावर. वाघ्याचा निरोपावर निरोप, भाऊ, काय झाला?

शेवटी प्रकरण मोठ्या साहेबांपुढं. साहेब नवीन, घाटावरचे. म्हणाले, हे नेमकं काय आहे ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी सही करणार नाही. कचेरीच्या आवारात हजर करा, दुपारी, सगळ्यांना. तसं पत्रच निघालं. मी ते पत्र घेऊन गोदामात गेलो, आणि तुम्हाला सांगतो, जो मुकादम बापाच्या शेवटच्या तारप्याला पोरांना सोडत नव्हता, त्यानं शिक्का पाहिला आणि टोपी सरळ केली. "सरकारी काम है? ले जाओ, सबको ले जाओ!" नाचायला रजा नव्हती हो… कचेरीत नाचून दाखवायला होती! हात जोडले मी.

आले सगळे. देवू आला, तानी आली, अंगावर गोणीची धूळ तशीच. वाघ्यानं तारप्याला नमस्कार केला आणि फुंकलं. मी मनात म्हटलं, आता खोकणार, आता खाली बसणार… छे! गाल फुगलेले, डोळे पोरांवर, आणि तो सूर तुटेचना. श्वास घेतो कधी, कळेना. टायपिंग थांबलं, रस्त्यावरचा हातगाडीवाला थांबला.

साहेबांना मात्र फिरणार की थांबणार हे तपासायचं होतं. ते शिरले गोलाच्या आत, आणि नाचणाऱ्यांची साखळी त्यांच्यामागं मिटली. बाहेर पडायला वळले, तशी वाघ्याची बायको सखी फिरता फिरता ओरडली, "ओ साहेब, तारप्याला पाठ न्हाय दावाची!" साहेब दचकून तारप्याकडं तोंड करून उभे. पण वाघ्या वाजवता वाजवता वळतो, त्यामुळं साहेबही वळतात, एक पाऊल, मग दुसरं… थोड्या वेळानं पाहतो, तर साहेबांचे पाय ठेक्यात! बाळारामभाऊ पायरीवरून हळूच म्हणाले, "फिरतायत. पन जागच्या जागी."

संपलं तेव्हा देवूनं बापाच्या हातातला तारपा उचलून घेतला, तानीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. वाघ्या भिंतीला टेकला, धापा टाकत हसला. "पोरांनी बगला. झाला, भाऊ. आता टांगतो." आणि गेला की टेम्पोत बसून!

परवानगी आली. आली हो, साहेबांची लफ्फेदार सही, मैदान, शुक्रवार, सगळं. फक्त दिवाळी होऊन गेली होती. परत करायला गेलो, तर बाळारामभाऊ म्हणाले, बंदोबस्त लागलाय, अर्जदारानं हजर राहावंच लागंल.

राहिलो. मैदानात मी आणि दोन हवालदार. शेंगदाणे खाल्ले, अंधार पडल्यावर उठलो. कार्यक्रम शांततेत पार पडला… बातमी मीच दिली.