गॅरेजात चौदा, घरी सतरा

...आणि वर मलाच म्हणतात, "तुम्ही त्या गाडीचे फार लाड करता!" अहो, लाड नाही करणार तर काय? सासऱ्यांची जुनी गाडी ती! लग्नाच्या आधीपासूनची... म्हणजे माझ्या नव्हे, त्यांच्या! गेल्या वर्षी सासरे एकेक शब्द मोजून म्हणाले, "जावईबापू, गाडी तुमच्याकडे ठेवतो. वर्षभरानं येईन. नीट चालत असली तर तुमची. नाहीतर धाकट्या जावयाला देईन." धाकटा जावई म्हणजे कोण? माझा साडू! म्हणजे गाडी गेली ती गेली, वर जन्मभर त्याच्या गाडीत बसून त्याचं कौतुक ऐकायचं!

मग काय, तुम्हाला सांगतो, जीव ओतला मी. जिथे हात जात नाही तिथे ब्रश घातला. बॉनेटखाली तो रेग्युलेटर असतो ना, व्होल्टेज ताब्यात ठेवणारी छोटीशी डबी, पत्र्यावर दोन स्क्रूंनी बसवलेली... तर त्या डबीखाली पत्रा उघडा! चक्क खरवडलेला! म्हटलं, सासरे एवढे टापटिपीचे, आणि हे काय? दिले तीन हात रंगाचे! वर डबी बसवताना ओरखडा नको म्हणून खाली रबराचा तुकडा, स्क्रूंनाही रबराचे वॉशर. सांगा, यात माझं काय चुकलं?

गाडी सुरू केली. दिवे असे लागले... लख्ख! बायकोला हाक मारली, "अगं, बघ बघ!" ती आली, तिनं बघितलं, आणि फट्! दोन्ही दिवे गेले. नवे घातले, तेही गेले. मग बॅटरीतून बुडबुड, बुडबुड, आणि नासक्या अंड्यांचा वास! बायको नाकाला पदर लावून विचारते, "अहो, आत काय शिजत घातलंय?"

गेलो वायरिंगवाल्याकडे. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण मीटर लावला की तो आधी मान हलवतो आणि मग बोलतो. मान हलवली. "साहेब, सतरा व्होल्ट! चौदाच्या आसपास पाहिजे. बॅटरी उकळून मरंल. रेग्युलेटर गेला." बदलला. मीटर लावला... चौदा! आनंदानं घरी आलो, बॉनेट उघडतो तर काय, डॉक्टरच्या पोऱ्यानं माझं रबर फेकून दिलेलं आणि डबी आवळताना रंग पार सोलवटून टाकलेला! आता एवढी चकाचक गाडी, आणि मधेच ते... बघवेना हो! डबी काढली, पुन्हा रंग दिला, पुन्हा रबर घातलं. सांगा, यात माझं काय चुकलं?

सकाळी गाडी सुरू केली, डॉक्टरनं आत बसवून दिलेल्या मीटरचा काटा बघितला. सतरा!

पुन्हा डॉक्टर, पुन्हा नवा रेग्युलेटर, पुन्हा चौदा. घरी आलो, रंग, रबर... सतरा! गॅरेजात चौदा, घरी सतरा! डॉक्टर म्हणतो, "साहेब, घरात काही भांडणबिंडण?" आणि तेवढ्यात साडूचा फोन. आवाज असा, मधात बुडवून काढलेला. "काय साडूभाऊ, काय म्हणते आमची गाडी?" आमची! "नाही, सहज आपली पार्किंगची जागा झाडून घेतली." सहज! माझी तर झोपच उडाली.

शेवटी तो रविवार उजाडला. सासरे दहाला येणार. आठ वाजता डॉक्टरला घरी आणला, अक्षरशः हाताला धरून. त्यानं डबी काढली, रबर चिमटीत धरून वर उचललं. "हे कोणी घातलं?" मी म्हटलं, "मीच!" छाती पुढे काढून. त्यानं खिशातून पॉलिशपेपर काढला आणि खर्र... खर्र... तीन हात हो! मी तोंड फिरवलं. म्हणाला, "साहेब, डबी कोऱ्या पत्र्याला टेकली तर तिला अर्थिंग मिळतं, तरच तिला कळतं व्होल्टेज किती झालं. तुम्ही बसवलं रबरावर. तिला वाटतंय कमीच आहे, म्हणून म्हणती, अजून ढकल, अजून ढकल!" डबी बसवली. चौदा पॉइंट दोन! बायको पायरीवरून म्हणाली, "म्हणजे लाडानंच बिघडली तर." आता सांगा... जाऊ दे, नका सांगू.

दहाला सासरे आले. बाहेरच्या रंगाकडे ढुंकूनही बघितलं नाही! सरळ बॉनेट उघडलं. "इथं रंग दिला होतात?"

"थोडासा..."

"ही जागा मी स्वतः खरवडली होती. पस्तीस वर्षांपूर्वी."

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. ते गाडीत बसले, गल्लीतून एक चक्कर मारून आले. मीटरचा काटा चौदावरून हलला नाही, माझा मात्र घाम थांबेना. उतरले. म्हणाले, "उत्तम चालते. शब्द म्हणजे शब्द. गाडी तुमची."

मी उडीच मारणार होतो, तर म्हणतात, "पण तुमच्या एकट्याच्या भरवशावर मी ती सोडणार नाही." आणि लेकीला हाक, "अगं, बाहेरची खोली रिकामी आहे ना?"

चार महिने झाले, तुम्हाला सांगतो. रंगाचे डबे त्यांच्या कपाटात, कुलपात. ब्रश मागितला की आधी विचारतात, "कशाला?" पण गाडी माझी आहे हं, कागदावर माझं नाव आहे! चालवतात सासरे, त्यांच्या शेजारी बसते बायको, आणि मालक मागच्या सीटवर.