जिवंत असल्याचा दाखला आणि सत्तावीस नंबर

...नाही, हसू नका, तुम्हाला सांगतो, चूक माझीच असणार, बहुतेक असतेच, पण मी फक्त जिवंत असल्याचं सांगायला निघालो होतो हो! पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन सांगावं लागतं ना, की बाबांनो, अजून आहे मी... तेवढंच! शेवटचा शनिवार, पाचवा म्हणून बँक उघडी, चार वाजेपर्यंत. आमची ही, मोहिनी, महिनाभर म्हणत होती, "अहो, जाऊन या, जाऊन या." पण मला आधी फॉर्म नीट समजून घ्यायचा होता. माझी पीएचडी तत्त्वज्ञानातली, विषय 'अस्तित्वाचे प्रमाण'. त्यामुळे "मी हयात आहे" या वाक्याखाली सही करायला मला एकोणतीस दिवस लागले.

बँक नाशिक रोडला, निघालो गंगापूर रोडवरून माझ्या त्र्याहत्तर सालच्या मोटारसायकलवर. नवी का घेत नाही? नवीची भीती वाटते. जुनीचीही वाटते, पण ती ओळखीची भीती. आता कुंभमेळ्याची कामं चाललेली, सगळं शहर खोदलेलं. त्र्यंबक रोडला एक नारिंगी जाकीटवाला शिट्टी फुंकून हात करतोय, "काका, आत घ्या, आत घ्या!" आता मला सांगा, शिट्टी आणि नारिंगी जाकीट म्हटल्यावर नाशिकचा माणूस दुसरं काय समजणार? डायव्हर्जन! घेतली आत.

आत मैदान, फटफट्यांची रांग, सगळ्या माझ्या गाडीच्या वयाच्या. वाटलं, जुन्या गाड्यांना वेगळा रस्ता काढलाय, काय शिस्त आली शहराला! एका मुलीने पाठीवर सत्तावीस नंबर चिकटवला. म्हटलं, वाहनगणना. मग कागद पुढे केला, "मला काही इजा झाल्यास किंवा मृत्यू आल्यास आयोजक जबाबदार नाहीत." मी दोनदा वाचला. इथले रस्ते पाहता मला ते अगदी रास्त वाटलं. केली सही! म्हणजे बघा, एका खिशात हयातीचा फॉर्म आणि हातात हा. आणि मी फक्त जिवंत असल्याचं सांगायला निघालो होतो!

शेजारी घोटीचा गेणू म्हणून एक तांदळाचा व्यापारी, भला माणूस. वाकून माझ्या पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवतोय. "मास्तर, घाबरू नका. लिंबू ठेवलंय, आता काय व्हत नाय."

"अहो, पण नाशिक रोडला कसं जायचं?"

"सरळ! समदे जातील तसं सरळ!"

झेंडा पडला, लिंबू चिरडलं, सगळे सुटले... मीही. वळण, धूळ, उंचवटा, पुन्हा वळण, आणि समोर पुन्हा तोच जाकीटवाला, वडापाव खातोय! मी ओरडलो, "नाशिक रोड?" तो ओरडला, "पुढे, काका, पुढे!" दुसऱ्यांदा तोच, वडापाव अर्धा. तिसऱ्यांदा तोच, वडापाव संपलेला. तुम्ही म्हणाल, शंका नाही आली? मला, ज्याला कडी लावली की नाही हे पाहायला चारदा जिना चढायची सवय, त्याला शंका नाही आली! कारण डायव्हर्जनमध्ये फिरून फिरून त्याच जागी येणं, यात शंका घेण्यासारखं आहे काय?

चौथ्या फेरीला लाऊडस्पीकर कानात शिरला, "सत्तावीस नंबर! वय वर्षं शहात्तर! टाळ्या!" तेव्हा कळलं... ही शर्यत आहे. थांबायला हवं होतं ना? पण माझी गाडी बंद पडली की पाऊण तास सुरू होत नाही, आणि घड्याळात तीन वाजून गेलेले! बाहेरच्या वाटेला दोरी बांधलेली. म्हटलं, संपवूनच टाकू. आणखी सहा फेऱ्या! मी फक्त जिवंत असल्याचं सांगायला निघालो होतो आणि त्याच कामात मरतो की काय!

सगळ्यांत शेवटी आलो. तरी चषक मिळाला. सत्तरीपुढच्या गटात पहिला, कारण गटात मी एकटा. गेणूने मला उचलून घेतलं, "मास्तर, लय भारी!" आणि स्वतः पुढे राहून, हॉर्न वाजवत मला नाशिक रोडला पोहोचवलं. चारला आठ मिनिटं कमी!

काउंटरवर उज्वला मॅडम. मला बघून उभ्याच राहिल्या, "अय्या सर, तुम्हीच ना ते? आत्ता मोबाईलवर लाइव्ह बघत होतो आम्ही सगळे!" केवढं हायसं वाटलं! "ठेवा अंगठा."

ठेवला. पण दहा फेऱ्या गाडीच्या मुठी धरून हात असे थरथरत होते की अंगठा काचेवर टिकेना. डावा, उजवा, तर्जनी... मशीन म्हणालं, जुळत नाही. चेहरा दाखवला, त्यावर बोटभर धूळ. जुळत नाही. रुमालाने पुसला, तर धुळीचा चिखल झाला. जुळत नाही. चार वाजले.

म्हटलं, "मॅडम, तुम्ही प्रत्यक्ष पाहिलंत ना मला?"

"पाहिलं ना सर! टाळ्यासुद्धा वाजवल्या. पण सिस्टिम घेत नाहीये. सोमवारी या. तोवर... तुम्ही हयात नाही असंच दिसेल."

आयुष्यभर वर्गात शिकवलं, प्रत्यक्षाहून मोठं प्रमाण नाही. आता ते तरी बरोबर होतं का, कोण जाणे.

घरी आलो. मोहिनीने दार उघडलं, धूळ पाहिली, चषक पाहिला. "झालं का काम?"

म्हटलं, "नाही. सोमवारपर्यंत मी नाही."

"बरं," ती म्हणाली, "मग चहा माझ्यापुरताच टाकते."

आणि टाकला हो! एकच कप!